आधी धूर, मग दरी

पावसाळा लागला की आपल्याकडचा वाद ठरलेला. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघतो, पर्यटक चिडतात आणि भजी-कणसांवर चार महिने जगणारं गाव त्याहून चिडतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हाही चर्चा 'बंदच करा' आणि 'काय काय बंद करणार' यापुढे सरकली नाही. इकडे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये बसून ती भांडणं वाचताना मॉसमन दरी हटकून आठवते.

केर्न्स शहराच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, डेनट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाला ही दरी आहे. मुलूख कुकू यलंजी या आदिवासींचा. दरीचा रस्ता त्यांच्याच वस्तीतून जातो आणि पूर्वी पर्यटकांच्या गाड्या थेट त्यांच्या अंगणासमोरून धावायच्या. २०१२ मध्ये वस्तीच्या अलीकडे पर्यटक केंद्र उभं राहिलं. आता गाडी तिथेच लावायची आणि पुढचे दोनेक किलोमीटर दर पंधरा मिनिटांनी सुटणाऱ्या बसने जायचं. एका वेळी आत किती माणसं जाणार, हे बसच ठरवते. त्यासाठी शिट्टीवाला पोलीस लागत नाही.

वाटाड्याबरोबरची फेरी साधारण दीड तासाची. ती सुरू होते धुराने. पाला पेटवून त्या धुरातून पाहुण्याला फिरवतात, मगच रानात पाऊल. कोकणात देवराईतलं झाड तोडण्याआधी कौल लावतात, त्याच जातीची ही गोष्ट. वर दिसणारा डोंगर म्हणजे मंजल डिंबी. त्यावरचा माणसासारखा दिसणारा खडक म्हणजे कुबिरी, वुरुंबू या दुष्ट शक्तीला थोपवून धरणारा. ब्लॅक बीन या झाडाचं बी दाखवतात: कच्चं विषारी, पण चिरून वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवलं की विष निघून जातं, मग त्याचं पीठ करता येतं.

सगळ्यात कामाचा धडा जिम्पी-जिम्पी या झुडपाचा. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, मोठं, दिसायला मखमली. ती मखमल म्हणजे सिलिकाचे पोकळ, सुईसारखे केस. हात लागला की त्यांची टोकं कातडीत मोडतात आणि विष आत जातं. आपल्या खाजकुइलीची खाज तासाभरात विसरायला होते, इथलं दुखणं महिनोन् महिने पुन्हा उसळतं. लागल्यावर चोळलं तर केस आणखी आत रुततात. केस काढायच्या मेणपट्टीने ते उपटून काढतात. आणि हे झुडूप उगवतं कुठे? जिथे ऊन पोहोचतं तिथे, म्हणजे मोडून पडलेल्या झाडाशेजारी, ओढ्याकाठी, पायवाटेच्या कडेला. सेल्फीसाठी वाट सोडणारा माणूस नेमका तिथेच जातो.

पाण्याचं गणितही तसंच फसवं. ग्रॅनाइटचे गुळगुळीत धोंडे, नितळ गार पाणी, डोक्यावर ऊन. पाऊस पडत असतो वर डोंगरात, तो खाली दिसत नाही आणि नदी बघता बघता चढते. धोंड्यांमधल्या ओढीत सापडलं तर पोहणाराही वर येत नाही. देवकुंडाला काय किंवा भुशीला काय, कारण हेच. फरक एवढाच, की इथे 'आज पाण्यात उतरू नका' हे त्या पाण्याकाठी वाढलेला माणूस सांगतो. तरी लोक उतरतात आणि माणसं इथेही गेली आहेत. फलकाने भागत नाही, ते दोन्हीकडे सारखंच.

म्हणून इथल्या व्यवस्थेची आरती ओवाळायची गरज नाही. ज्यांचं रान, त्यांना डेनट्रीची मालकी कागदावर मिळाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. केप यॉर्कमधली १,६०,००० हेक्टरांहून जास्त जमीन परत झाली, आणि उद्यान आता सरकारसोबत ते मिळून चालवतात. म्हणजे केंद्र आधी उभं राहिलं, सातबारा नऊ वर्षांनी आला.

आपल्याकडे उलटं दिसतं. २००६ चा वनहक्क कायदा हातात आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावरचे सामूहिक हक्क २००९ मध्येच मिळाले. पण सह्याद्रीतल्या धबधब्यावर गावाला हक्क विचाराल तर वडापावची टपरी आणि पार्किंगची पावती. कास थोडं पुढे गेलं: ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ठरावीक माणसं, आसपासच्या गावांची समिती. तिथेही आधी कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं. गुरं चारणाऱ्याला कुंपणाआधीच विचारलं असतं तर लोखंडाचा खर्च तरी वाचला असता.

पुढच्या जूनमध्ये आदेश निघेलच. त्याबरोबर ताम्हिणीतल्या दहा पोरांना दोरी, लाइफ जॅकेट आणि माणशी शुल्क घेऊन गट नेण्याचा अधिकार द्यायला कोणत्या कलमाची आडकाठी आहे, हे कोणीतरी लेखी सांगावं.