पोहोच १५ फूट, तुमच्यासकट

माझी उंची ५ फूट ३ इंच आहे. हे मी सहसा आपणहून कुणाला सांगत नाही. पण परवा एका दुकानाच्या भिंतीवर तशी खूणच झाली, आता काय लपवायचं!

वाळलेली एक फांदी छपरावर यायला टपली होती, जमिनीपासून १४ फुटांवर. शिडीवर चढून करवत चालवण्याचं धाडस नाही, म्हणून लांब दांड्याची करवत घ्यायला गेलो. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘पोहोच १५ फूट’. म्हटलं, फूटभर वरच आहे. खोकं उघडलं तर दांडा निघाला १० फुटांचा.

"उरलेले ५ फूट?"

"ते तुम्ही, सर," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

मला न विचारता, न बघता कंपनीनं मालात धरलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ६ फूट उंचीच्या व्यक्तीनुसार.

मी काही बोलणार तेवढ्यात मागून पाण्याच्या पाइपाचं भेंडोळं गळ्यात घातलेले एक गृहस्थ पुढे आले. "अहो, वाद कशाला? मोजून टाकू!" खिशातून टेप निघाला. हा माणूस टेप घेऊन हिंडतो, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

"भिंतीला टेका. हात वर. टाचा उचलू नका!"

"मी उचलल्या नाहीत."

"डावी उचललीत. ए बाळ, बघ रे डावी."

मुलगा खरोखर वाकून बघू लागला. रांगेतली मंडळीही वाकली. गृहस्थांनी डोक्यापाशी एक रेघ मारली, बोटांच्या टोकापाशी दुसरी. "वर केलेला हात ६ फूट ८ इंच. अधिक दांडा १० फूट. झाले १६ फूट ८ इंच! कंपनी तर कमीच सांगतेय की हो!"

"म्हणजे दांडा मी चिमटीत धरायचा?"

"तो सवयीचा भाग आहे."

"पायाखाली स्टूल घ्या," रांगेतून कुणीतरी म्हणालं. मुलानं माहितीपत्रक वाचून दाखवलं: शिडीवर किंवा स्टुलावर उभं राहून वापरू नये. लोक हळहळले. एवढ्या सहानुभूतीत मी ती करवत घेऊन टाकली.

मोटारवाली घ्या, असं तिघांनी सांगितलं होतं. तिघांपैकी एकानंही ती डोक्यावर धरून पाहिलेली नाही. मोटार, पट्टी, साखळी, तेल, सगळं वजन शेंड्याला! मिनिटभरात दंड भरून येतात आणि करवत फांदी सोडून आभाळ कापत सुटते. माझी हाताची, वाकड्या पात्याची. तिचे दाते ओढताना कापतात, आणि ओढायला उंची लागत नाही. अॅल्युमिनियमचा दांडा हलका म्हणून लोक घेतात आणि फांदीलगत विजेची तार आहे का, हे वर बघायचं विसरतात. तार असेल तर दांडा कशाचाही असो, त्या फांदीच्या वाटेला जाऊच नये. पण खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत का नाही? तिथली मोठी अक्षरं सगळी त्या ६ फुटी माणसाच्या सेवेत.

घरी आलो. आधी खालून थोडं कापायचं, मग वरून, म्हणजे फांदी तुटताना साल सोलवटत नाही. कापताना फांदीखाली उभं राहायचं नाही. सगळा अभ्यास झाला होता. पण बाजूला उभं राहायचं तर दांडा तिरका, साधारण ६० अंशांत धरावा लागतो. १० फुटांतला सव्वा फूट तिथेच गळाला. खालचा हात कमरेपाशी, ३ फुटांवर. एकूण पावणेबारा. फांदी १४ वर. मी चवड्यांवर उभा राहून हवा कापत होतो आणि पलीकडच्या गच्चीतून एक पोरगं विचारत होतं, "काका, पतंग अडकलाय का?"

काल बदलून घ्यायला गेलो. वापरलेला माल परत घेत नाहीत म्हणे. मी म्हटलं, वापरायला फांदीपर्यंत पोचावं तर लागतं! मुलगा माझं ऐकत नव्हता. तो एका बाईंना भिंतीपाशी उभं करून सांगत होता, "या खालच्या रेघेच्या वर असाल तर काही प्रॉब्लेम नाही, मॅडम. मागे एक सर आले होते..."