'जुनं कोकण स्वयंपूर्ण होतं' म्हणणाऱ्यांनी एकदा आगोटीचा हिशेब मांडून बघावा

मे महिना आला की तेच फोटो फिरायला लागतात. सारवलेलं अंगण, सुपात वाळत घातलेली आमसुलं आणि खाली ओळ, 'पूर्वी कोकणी माणसाला बाहेरचं काही लागतच नव्हतं.' लागत होतं हो. आणि नेमकं आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, तोंडावर सगळ्यात जास्त लागत होतं.

१९०० ते १९३० च्या सुमाराचा रत्नागिरी जिल्हा घ्या. रेल्वे नाही, एसटी जन्माला यायची आहे. माणूस आणि माल जायचा यायचा बोटीनं, नाहीतर गलबतानं. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे, पडावातून, म्हणजे लहान होडीतून, हेलकावे खात तिच्यापर्यंत जावं लागे. वैशाखाच्या अखेरीस ही वाहतूक बंद व्हायची ती नारळी पौर्णिमेच्या आगेमागे हळूहळू सुरू व्हायची. मधल्या काळात उरायचे ते फोंडा, आंबा, कुंभार्ली असले घाट आणि चिखलात रुतणाऱ्या बैलगाड्या. म्हणजे पावसाळ्याचं मीठ, घासलेट, गूळ, मिरची, कापड सगळं आधी घरात हवं. ते येणार वाण्याकडून, आणि वाण्याकडे येणार समुद्रावरून.

आता तांदळाचं बघू, कारण स्वयंपूर्णतेची सगळी भिस्त त्याच्यावर. घरात सहा खाणारी मोठी माणसं धरा, माणशी रोज अर्धा शेर. दिवसाला ३ शेर. पावसाचे चार महिने म्हणजे १२० दिवस, ३६० शेर. ४ शेरांची पायली, म्हणजे ९० पायली तांदूळ. भात कांडलं की मापाला साधारण निम्मा तांदूळ उरतो, म्हणून भात हवं १८० पायली. खोती गावांत, म्हणजे जिथं खोत कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा तिथं, भाताचा वाटा बऱ्याच ठिकाणी अर्धेल, म्हणजे निम्मा. म्हणजे नुसत्या चार महिन्यांच्या भातासाठी खळ्यावर ३६० पायली उतरायला हवं, बी-बियाणं वेगळंच. उरलेले आठ महिने अजून मोजलेच नाहीत! कातळाच्या कडेच्या चार कुणग्यांत, लहानशा भातखाचरांत, हे कुठून पिकणार? म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत नाचणी, मग वरी, मग काही वर्षं पड. तिथेही खोताची तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा, सुटत नव्हती. गरीब घरात भात हे सणाचं नाहीतर आजाऱ्याचं अन्न होतं, रोजचं पेज-भाकरीचं.

जे होतं ते टिकवायची अक्कल मात्र जबरदस्त होती, ते मान्यच. उकडा तांदूळ आवडीनिवडीपुरता नव्हता. भात रात्रभर भिजवायचं, हंड्यात तूस फुटायला लागेपर्यंत उकडायचं आणि पसरून वाळवायचं. एकदम कडक उन्हात घाईनं वाळवलं तर दाण्याला आतून चीर जाते आणि कांडताना कणीच जास्त पडते. ओलसर राहिलं तर कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या कोठीत, आंबूस वास धरतो, मग ती आख्खी कणगी गुरांना. नीट जमलं तर दाणा मुसळाखाली कमी तुटतो, आणि जिथं दाणा न् दाणा मोजायचा तिथं हाच मोठा फायदा.

आमसुलांचंही तसंच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून बी-गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं पाच-सात वेळा. मधेच वळवाची सर आली की बुरशी. बियाही टाकून देत नसत. वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तेलकट थर काढून निवला की मुठीत दाबून गोळे वळायचे. लावणीत पायाला पडणाऱ्या भेगांवर तेच औषध. खाऱ्या मासळीला ढोबळ प्रमाण तीन भाग मासळी, एक भाग मीठ. मीठ वाचवायला गेलं की आषाढात किडे. आणि या मिठावर सरकारचा कर होता, हे त्या फोटोंखाली कुणी लिहीत नाही.

घराचं सांगायचं तर जांभ्याचे चिरे आणि मंगलोरी कौलं ही ऐपतदारांची गोष्ट. बाकीच्यांची घरं गवताची, पेंढ्याची, फार तर नळीच्या कौलांची. कौलं माकडं सरकवणार, म्हणून दरवर्षी परतायची. गवती छप्पर शाकारायचं ते वळचणीकडून वर, प्रत्येक थर खालच्यावर चढवत. उतार कमी ठेवला तर पाणी वाहून न जाता मुरतं आणि श्रावणात छप्पर आतून कुजतं. पश्चिमेकडून झड आत येते, म्हणून पडवीला झाप: झावळ्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायच्या, मधोमध चिरायच्या, मग विणायच्या. कोरड्या विणायला गेलात तर पाती फाटतात. शंभर इंचांवर पावसात हे सगळं एका मोसमाचंच. पुढच्या वैशाखात पुन्हा.

या सगळ्याला पैसा कुठून यायचा? मुंबईहून. गिरण्यांत, गोदीत, घरगडी म्हणून गेलेल्यांच्या मनिऑर्डरीतून. १८८० पासून पोस्टानं मनिऑर्डर सुरू केली आणि कोकणातल्या कितीतरी चुली त्यावर पेटत राहिल्या. गिरणी कामगारांत रत्नागिरीकरांचा वाटा मोठा होता तो काही मुंबईची हौस म्हणून नव्हे. मागे राहिलेल्या बायकांनी राब भाजला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळला, लावणी केली, भात कांडलं, आणि आपण आज त्याला 'साधी राहणी' म्हणतो. मला या शब्दाची चीड येते.

मनिऑर्डर लांबली की आषाढात धान्य उसनं आणायचं, सवाईनं नाहीतर दिढीनं. आज एक मण आणलं तर सुगीला दीड मण घालायचं. दिवाळीच्या सुमारास खळ्यावर आधी खोताचं माप निघायचं, मग सावकाराची दिढी, आणि उरेल ते कणगीत. ते कधी होळीपर्यंत पुरायचं, कधी त्याच्याही आधी संपायचं.