चोर सोडून सगळे सापडले

घराचं काम काढलं आणि पहिल्याच दिवशी हॉलची खिडकी चौकटीसकट निघाली. नवी चौकट ‘परवा’ येणार होती. सुताराचा परवा कॅलेंडरात सापडत नाही, हे ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना सांगायला नको. तोवर खिडकीच्या जागी प्लॅस्टिकचा कागद. रात्री वारा आला की तो असा फडफडायचा, की जणू चोरांना आतून आमंत्रणच जातंय.

म्हणून गजर बसवायचं ठरलं. कायमचा बसवायचा तर भिंतीतून वायरी न्यायला हव्यात, आणि भिंती आमच्या आधीच उघड्या पडल्या होत्या. मग तात्पुरता, बिनतारी आणला. खोक्यातून निघालं ते एवढंच: एक सायरन, एक की-पॅड, दारांसाठी दोन जोड्या, हालचाल ताडणारा एक डोळा आणि दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. ड्रिल नाही, खिळा नाही. वीस मिनिटांत सगळं बसलं. माझ्या हातून वीस मिनिटांत पूर्ण झालेलं हे आयुष्यातलं पहिलं काम. संशय तेव्हाच यायला हवा होता.

दाराची जोडी मला फार आवडली. एका तुकड्यात चुंबक, दुसऱ्यात काचेची बारीक नळी आणि नळीत दोन नाजूक पात्या. चुंबक शेजारी असेपर्यंत पात्या एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडलं, चुंबक लांब गेलं, की विभक्त होतात आणि बोंब सुरू. म्हणजे थेट एकत्र कुटुंबाचंच तंत्र. डोळ्याचं वेगळं. तो बघत काहीच नाही, नुसती ऊब ताडतो. समोरून ऊब सरकली की समजतो, कोणीतरी आहे.

पहिल्या रात्री दोन वाजता तो समजला.

११० डेसिबल म्हणजे काय, हे खोक्यावर वाचून कळत नाही. मी अंथरुणातून उठलो नाही, उडालो. हातात बॅट समजून घेतलेली वस्तू लेव्हल-पट्टी निघाली. स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर फ्रीजचं दार सताड उघडं आणि त्या उजेडात बाबा. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते फ्रीजकडे बघतसुद्धा नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

“पाणी प्यायला उठलो होतो,” बाबा ओरडून म्हणाले. सायरन चालू होता.

“बाबा, पाणी तुमच्या उशाशी आहे!”

“ते कोमट आहे!”

आता गजर बंद करायचा. विसरू नये म्हणून मी कोड ठेवला होता बायकोच्या वाढदिवसाचा. सायरनखाली उभं राहून, डोळे चोळत, खुद्द बायकोच्या देखत मी ती तारीख दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा तिनेच आकडे दाबले. गजर शांत झाला. ती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी सापडली. तिने मात्र अभ्यास केला होता. डोळ्यासमोरून आडवं गेलं की त्याला चटकन कळतं, थेट त्याच्याच दिशेने हळूहळू गेलं तर उशिरा, हे तिने आपलं आपण शोधून काढलं. उशीर झाला की घड्याळातल्या सेकंदकाट्यासारखी एकेक पाऊल टाकत यायची. काचेतून त्याला अंगाची ऊब लागत नाही हेही तिला कळलं, आणि एका रात्री नव्या खिडकीची काच ढालीसारखी पुढे धरून बाईसाहेब हॉलमधून चालल्या होत्या. काचेच्या खालून दिसणाऱ्या दोन पायांनी घात केला. भौतिकशास्त्रात ही काठावर पास, यावर माझा आता विश्वास नाही.

या यंत्राचं पहिलं पेटंट १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या एका पाद्र्याने घेतलं. चोरी करू नका, असं लोकांना सांगून सांगून बहुधा थकला असावा. तेव्हा दारंखिडक्यांना तारा जोडून घंटा वाजायची. बिचाऱ्याच्या घरात बाबा असते तर त्याने पेटंट फ्रीजसाठी घेतलं असतं. पण तेव्हा घरोघरी फ्रीज नव्हते.

एक उपयोग मात्र थट्टेचा नाही. कामामुळे फर्निचर हललेलं, आई रात्री उठली की अंधारात चाचपडायची. मग तो डोळा हॉलमधून काढला, तिच्या पलंगाशी खाली चिकटवला आणि सायरनऐवजी नुसत्या ‘टिंग’वर ठेवला. टिंग झालं की मी उठून दिवा लावायचो. “तू जागाच असतोस का रे?” आई विचारायची. मी हो म्हणायचो.

सुतार शेवटी आला. कबूल केलेल्या दिवशी, सकाळी सात वाजता. यावर घरात कोणाचाच विश्वास बसला नाही, गजराचासुद्धा. त्याने बाहेरून आवाज न देता दार ढकललं, आणि खांद्यावरची चौकट टाकून तो जो पळाला, तो पुन्हा ‘परवा’च आला.

खिडकी बसली. शेजारच्या काकांनी आवाजाबद्दल रीतसर तक्रार केली आणि जाता जाता, “आम्ही आठ दिवस बाहेर चाललोय, द्याल का हो ते?” असं विचारलं. दिलं. परत आलं तसं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं.

काल रात्रीपासून माळ्यावर काहीतरी ‘पिक’ करतंय. मिनिटाला एकदा, अगदी मोजून. बॅटरी संपत आली की ते असं करतं. बॅटरी काढायला झाकण उघडावं लागतं, आणि आधी कोड न दाबता झाकण उघडलं तर छेडछाड समजून ते पूर्ण ताकदीने ओरडतं. की-पॅड काकांकडेच राहिलंय. काका बाहेरगावी आहेत.

आम्ही सगळे खाली उभे आहोत. शिडी लावलेली आहे. बाबा म्हणतात, “मी जरा पाणी पिऊन येतो.”