'मवाळ' ही शिवी कशी द्यावी

10 मे 2025 च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी आली आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले, "बरं झालं." पाच मिनिटांत उत्तर आलं, "तुमच्यासारख्या मवाळांमुळेच देश मागे राहिला." खाली बांगड्यांचं चित्र. त्यावर अकरा अंगठे. एवढी वर्षं मराठी बोलून हा शब्द आपल्याला वापरताच येत नाही, हे तेव्हा कळलं. आता शिकलोय. तुम्हीही शिका.

आधी जुना अर्थ विसरा. ऊन मवाळ होतं, दुखणं मवाळ होतं, चिडलेल्या माणसाचा आवाज मवाळ होतो, ते सगळं घरी. ग्रुपवर मवाळ म्हणजे भित्रा, विकला गेलेला, शक्यतो चष्मेवाला.

मेणबत्त्यांचा उल्लेख हवाच.

'बोटचेपे' आणि 'गुळमुळीत' हाताशी ठेवावेत. मवाळ म्हणून दमलात की उपयोगी पडतात.

इतिहासाचा दाखला द्यायचा तर शाळेतल्या 'फरक स्पष्ट करा'च्या पुढे जाऊ नये. टिळक जहाल म्हणून शूर, गोखले मवाळ म्हणून अर्जबहाद्दर, झाले मार्क. फार तर 1907 च्या सुरत काँग्रेसमधला जोडा आठवावा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आपटला, आणि मराठी बनावटीचा होता म्हणून आपली छाती अजून फुगते. पुढचं वाचू नये. वाचलं तर भलतंच कळतं. हा अर्जबहाद्दर 1902 साली कर्झनच्या कौन्सिलात उभा राहून सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाची चिरफाड करत होता. ही शिल्लक सुबत्तेची नाही, लोक हलाखीत असताना वसूल केलेल्या जादा कराची आहे, हे सरकारचेच आकडे सरकारच्या तोंडावर मारून सांगत होता. मिठावरचा कर कमी करा म्हणून मागे लागला. 1903 साली तो कमी झालाही. 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते सरकारने हाणून पाडलं. हे सगळं जोडा न फेकता. तुम्ही सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब तरी कधी उघडून बघितलाय का हो? आणि जहाल टिळक? 1916 ला लखनौला मुस्लिम लीगशी करार घडवण्यात तेच पुढे होते. 1915 साली गोखले गेले तेव्हा स्मशानात उभं राहून त्यांना भारताचा हिरा म्हणणारेही तेच. आज ग्रुपवर असते तर लोकमान्यांनाही बांगड्यांचं चित्र आलं असतं.

बांगड्यांवरून आठवलं. चित्र टाकण्याआधी त्या कोण घालतं, हे बघायचं नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी घालतात. हिरव्या, काचेच्या, कणीक मळताना कोपराकडे सारलेल्या. त्यांचा मुलगा फौजेत, जम्मूकडे. सात तारखेपासून त्याचा फोन लागत नव्हता. दर दोन पोळ्यांमागे पिठाचे हात पदराला पुसून त्या फोन बघायच्या. त्या संध्याकाळी तवा तसाच ठेवून बाहेर आल्या. "दादा, थांबलं म्हणत्यात?" थांबलं म्हटलं. "मग लागंल आता."

मी 'बरं झालं' लिहिलं ते त्यानंतर.

अकरा अंगठेवाल्यांनो, तुमच्यापैकी एकाच्या तरी घरातलं पोर तिथे होतं का? ए विंगचं बोस्टनला, बी विंगची दोन्ही हिंजवडीला. युद्ध चालूच राहायला हवं होतं असं वाटत असेल तर सरळ तसं म्हणा, कारणं द्या, मी ऐकून घेईन. काही मला पटतीलही. पण सोफ्यावर पाय पसरून, दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर जहाल व्हायचं आणि वर मला बांगड्या पाठवायच्या? लाज वाटू द्या जरा.

चित्र अजून तिथेच आहे. ते काढा. मावशी तुमच्याकडेही पोळ्या करतात.