स्पिनर लवकर दिसला म्हणून पान वेगवान होत नाही

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वेब-पानं बनवणाऱ्या डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फॉरवर्ड होतो. त्याचा सारांश असा: पानाचा सांगाडा ताबडतोब दाखवा, त्यात स्पिनर (‘लोड होतंय’ सांगणारं चक्र) फिरू द्या, आणि ज्या कॉम्पोनंटला, म्हणजे पानाच्या तुकड्याला, डेटा हवा त्याने तो यूज-इफेक्टमधून (तुकडा रंगल्यानंतर चालणाऱ्या कोडमधून) स्वतः आणावा. सर्व्हरवर डेटा गोळा करणं म्हणजे पीएचपी या सर्व्हरवरच पान तयार करणाऱ्या जुन्या भाषेच्या जमान्यात परत जाणं. आणि आता ५जी आहे, दोन-चार रिक्वेस्ट जास्त गेल्या तर बिघडलं कुठे?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो सगळ्यात कच्चा आहे. ५जी तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातलं अंतर सांभाळतं. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात असेल तर मुंबईहून तो सुमारे १३,००० किलोमीटर लांब. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, म्हणून प्रत्यक्षात २००च्या आसपास धरा. यात कुठलाही टॉवर काही करू शकत नाही.

आता ‘प्रत्येकाने आपापला डेटा आणावा’ हे बघू. ऑर्डरचं पान घ्या. आधी एचटीएमएल येतं, मग जावास्क्रिप्टचं गाठोडं, मग रिॲक्ट पान रंगवतं आणि त्यानंतर कुठे पहिला इफेक्ट चालून ‘ग्राहक कोण?’ विचारतो. उत्तर आलं की ऑर्डरचा कॉम्पोनंट जन्माला येतो आणि तो आपली रिक्वेस्ट पाठवतो. तिचं उत्तर आलं की डिलिव्हरीचा डबा जागा होतो. एकाच यादीतलं सामान आणायला वाण्याकडे तीन खेपा! २०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने ६०० नुसते प्रवासात गेले. गंमत म्हणजे ग्राहक कोण हे कुकीत होतं आणि ऑर्डर नंबर पानाच्या पत्त्यातच होता. लिंकवर बोट पडलं त्या क्षणी तिन्ही रिक्वेस्ट एकदम सोडता आल्या असत्या. रिमिक्स या फ्रेमवर्कचे लोडर (पान रंगण्याआधीच त्याचा डेटा आणणारी फंक्शनं) नेमकं हेच करतात, आणि २०२२ मध्ये ६.४ आवृत्तीपासून पत्त्यानुसार पान निवडणाऱ्या रिॲक्ट राउटरमध्येही ते आले. कुठल्या पत्त्याला कुठला डेटा लागतो हे रूटला, म्हणजे पत्ता आणि पान यांच्या जोडीला, आधीच ठाऊक असतं. कॉम्पोनंटला ते कळतं सगळ्यात शेवटी.

पीएचपीचा टोमणा मला तर कौतुकच वाटतो. तिथे डेटाबेस सर्व्हरच्या शेजारी असतो, त्यामुळे एकामागून एक तीन क्वेऱ्या केल्या तरी समुद्र तीनदा ओलांडावा लागत नाही.

‘पण कोड सुटसुटीत राहतो ना!’ मीही असंच म्हणायचो. एका फॉर्मवर मी जिल्हा निवडला की तालुके आणणारा ड्रॉपडाउन केला होता. ऑफिसच्या वायफायवर झकास चालला. मग एका वापरकर्त्याचा स्क्रीनशॉट आला: जिल्हा नागपूर, खाली तालुके निफाड, येवला, सिन्नर. त्याने चुकून आधी नाशिक दाबलं होतं, मग नागपूर. नागपूरचं उत्तर आधी आलं, नाशिकचं रेंगाळत मागून आलं आणि त्याने यादी पुसून आपली लिहिली. उपाय आहे: क्लीनअपमध्ये (इफेक्ट आवरताना चालणाऱ्या कोडमध्ये) जुनी रिक्वेस्ट रद्द करा किंवा तिचं उत्तर टाकून द्या. पण ते प्रत्येक इफेक्टमध्ये आठवणीने लिहायचं, आणि मग सुटसुटीतपणा उरतो कुठे? रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोड या चुका शोधणाऱ्या सोयीत, डेव्हलपमेंट करताना, इफेक्ट मुद्दाम दोनदा चालतो तो असं राहिलेलं क्लीनअप उघडं पाडायलाच. लोक वैतागून स्ट्रिक्ट मोडच बंद करतात. धूर दिसला म्हणून चष्मा काढून ठेवण्यातला प्रकार.

टॅनस्टॅक क्वेरी ही डेटा आणून सांभाळणारी लायब्ररी वापरली की उत्तरांची ही शर्यत आणि कॅशिंग (आणलेला डेटा जपून ठेवणं) दोन्ही सुटतं, हे खरं. पण रिक्वेस्ट कॉम्पोनंट रंगल्यावरच निघत असेल तर वाण्याकडच्या तीन खेपा तशाच राहतात.

त्या सल्ल्यात एक गोष्ट मात्र रास्त आहे: एका संथ तुकड्यासाठी अख्खं पान अडवू नये. डिलिव्हरी कंपनीची एपीआय (तिच्याकडून डेटा मागायची सोय) रेंगाळत असेल तर लोडरने तिची वाट न पाहता प्रॉमिस, म्हणजे ‘उत्तर नंतर येईल’ अशी चिठ्ठी, तसंच पुढे द्यावं आणि तेवढ्याच डब्यात स्पिनर फिरू द्यावा. रिक्वेस्ट मात्र बाकीच्यांबरोबरच सुटलेली असते. चॅट किंवा रिक्षाचं हलतं लोकेशन असेल तर कॉम्पोनंटनेच आणावं, तिथे माझं काही म्हणणं नाही.

पटत नसेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये वेग ३जीवर आणा आणि आपलंच पान उघडा. रिक्वेस्टच्या पट्ट्या जिन्यासारख्या एकीखाली एक सरकत गेलेल्या दिसल्या, तर प्रत्येक पायरीपाशी विचारा की या रिक्वेस्टला वरच्या उत्तरातलं नेमकं काय हवं होतं. आमच्या ऑर्डरच्या पानावर उत्तर होतं: काहीच नाही.