साबुदाणा परका म्हणणाऱ्यांनी मेल्टनला येऊन बघावं

आषाढीला फॅमिली ग्रुपवर खिचडीचा फोटो टाकला तर धाकट्या चुलतभावाचा लगेच लांबलचक मेसेज, की साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, शेंगदाणापण तिथलाच, मिरची मेक्सिकोकडची, सगळं पोर्तुगीजांच्या मागून आलेलं, तेव्हा आपली परंपरा म्हणून मिरवणं बंद करा. बाकीच्यांनी अंगठे दिले. मला जो राग आला तो अजून गेला नाहीये.

मी राहते इंग्लंडमधे, लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रेला. इथल्या बाजाराची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत आहे, मंगळवारी गुरांचा बाजार अजून भरतो, आमच्याकडच्या आठवडी बाजारासारखाच शेणाचा वास येतो आणि मला तो आवडतो. ह्या गावाची शान म्हणजे पोर्क पाय, कणकेच्या जाड आवरणात डुकराचं मांस भरून भाजलेला. आसपास स्टिल्टन चीज बनायचं, त्यातून उरलेलं व्हे, म्हणजे चीजचं निथळलेलं पाणी, डुकरांना घालायचे, म्हणून डुकरं भरपूर, आणि कोल्ह्यांच्या शिकारीला येणाऱ्यांना खिशात घालून नेता येईल असं खाणं हवं होतं. १८३१ मधे एडवर्ड अ‍ॅडकॉकने तो धंदा म्हणून करायला घेतला. कणकेची भिंत हाताने वर चढवायची आणि साच्याशिवाय भाजायची, म्हणून बाजूला पोट सुटतं. मांस खिमा न करता बारीक चिरलेलं, रंगाने करडंच, आत हाडांच्या रश्शाची जेली, आणि चव कशाची, तर मिठाची आणि मिऱ्याची. आता मिरी काय लेस्टरशायरमधे पिकतात? ती आपल्या मलबारची! पण क्यूमधे उभं राहून कुणी म्हणत नाही की हा पाय आपला नाही. उलट कोर्टात भांडून २००९ मधे युरोपचं संरक्षण मिळवलं, मेल्टनच्या आसपास बनवला तरच हे नाव लावायचं. स्टिल्टनचं तर अजूनच. ग्रेट नॉर्थ रोडवर घोडागाड्या थांबायच्या त्या स्टिल्टन गावात ते विकलं जायचं म्हणून ते नाव, पण ते गाव पडलं केंब्रिजशायरमधे, आणि नियमाने स्टिल्टन फक्त लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरमधेच बनतं. म्हणजे नाव ज्या गावाचं त्या गावालाच ते बनवता येत नाही, कारण हात दुसऱ्यांचे आहेत. मला हे बरोबर वाटतं.

खरं सांगते, राग नुसता खिचडीसाठी नाहीये. मला इथे १४ वर्षं झाली. क्रिसमसला सकाळी नाश्त्याला पोर्क पाय खायची इथली पद्धत, शेजारच्या आजी एक तुकडा आणून देतात आणि मी खाते, आईला हे सांगितलं नव्हतं. तरी दुकानात कुणीतरी विचारतंच, मूळची कुठली. आणि ग्रुपवर काही बोललं की तुम्ही तिकडचे, तुम्हाला काय कळणार इथलं. बाहेरून आलेलं आपलं नसतंच असं जेव्हा चुलतभाऊ लिहितो तेव्हा मला ते साबुदाण्याबद्दल वाटतच नाही.

लेस्टरला मेल्टन रोडवरून मी साबुदाणा आणते, रात्री धुवून ठेवते. वर पाणी किती ठेवायचं ते आपल्या आजीने बोटाचं पेर बुडवून दाखवलं होतं, तुलाही दाखवलं होतं, आपण दोघं ओट्यापाशी उभे होतो. ते तिला कुठल्या पोर्तुगीजाने शिकवलं तेवढं सांग.