पापणी लवली म्हणून कुणी चोर ठरत नाही

"खोटं बोलणाऱ्याची पापणी मिनिटाला 20 पेक्षा जास्त वेळा लवते, तो नजर चुकवतो, उजवीकडे वर बघतो. मानसशास्त्राने सिद्ध केलंय!" हा मेसेज घरोघरी फिरतोय. आमच्या ग्रुपवर तो आत्याने टाकला, आणि परवा पोळ्यांच्या ताईंवर वापरलासुद्धा. डब्यातली 500 ची नोट सापडेना, म्हणून ताईंना ओट्याशी उभं करून म्हणाली, "माझ्या डोळ्यांत बघून सांग." ताईंचे हात कणकेने भरलेले, बाजूला तवा धुरावलेला, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. पापण्या फडफडल्या आणि आत्याने निकाल लावून टाकला.

मुळात आकडाच चुकीचा आहे. नुसत्या बसलेल्या माणसाची पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते, बोलताना 25 च्या आसपास जाते, वाचताना 4-5 वर येते. या मापाने बोलणारा जवळपास प्रत्येक जण खोटारडा ठरेल.

ताण आला की पापण्या जास्त लवू शकतात, एवढं मान्य. पण ताण कशाचा, ते पापणी सांगत नाही. काम जाईल, सोसायटीतल्या बाकीच्या घरांत नाव खराब होईल, ही भीती चोरी न केलेल्या बाईलाही असतेच. आळ घ्यायचा, त्याने माणूस घाबरला की त्या घाबरण्यालाच पुरावा म्हणायचं, ही कुठली पद्धत? शिवाय शॅरन लील आणि आल्डर्ट व्राय या मानसशास्त्रज्ञांच्या 2008 च्या एका छोट्या प्रयोगात तर खोटं बोलताना पापण्या कमी लवल्या, बोलून झाल्यावर वाढल्या. गोष्ट रचण्यात डोकं गुंततं, तेव्हा डोळे वाचताना होतात तसे स्थिरावतात.

"सिद्ध केलंय" म्हणणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो आणि सहकाऱ्यांचं 2003 चं काम बघावं. खोटेपणाच्या तब्बल 158 खुणा त्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांतून तपासल्या. बहुतेकींचा खोट्याशी संबंध नाही, किंवा असला तर अगदी क्षीण. नजर चुकवणं आणि पापण्या लवणं, दोन्ही त्यातच. डिपॉलो आणि चार्ल्स बाँड यांनी 2006 मध्ये 24 हजारांहून जास्त लोकांचे अंदाज एकत्र केले, तर खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50 येतात.

नजरेचं म्हणाल, तर मोठ्यांसमोर डोळे खाली ठेव हे आपणच पोरींना शिकवतो. ताईंनी तेच केलं.

उजवीकडे वर बघण्याची गोष्ट मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तपासली. काही निघालं नाही.

आत्या, तो मेसेज आधी काढ. ताई दोन दिवस आलेल्या नाहीत. फोन मी लावून देते, बोलायचं तू आहेस.